बटण दाबायची सवय लागली आहे, जागं कसं राहायचं?

लाइनबॉक्स (दौंड)

सर्वांना जय ख्रिस्त.

मी मालगाडी चालवतो. १९ वर्षं नोकरी झाली, त्यातली पहिली आठ असिस्टंट म्हणून. प्रश्न रेल्वेचा नाही, पण रेल्वेचं सांगितल्याशिवाय मला तो विचारता येणार नाही. थोडं सहन करा.

इंजिनात आमच्यासमोर एक बटण असतं, त्याला आम्ही व्हीसीडी म्हणतो. ड्रायव्हर जागा आहे का हे तपासायला बसवलेलं. ६० सेकंद तुम्ही काहीच केलं नाही, म्हणजे हॉर्न नाही, ब्रेक नाही, नॉच (इंजिनाच्या जोराची पायरी) वर-खाली नाही, तर आधी दिवा लुकलुकतो. तिकडे लक्ष दिलं नाही तर काही सेकंदांत बझर ओरडतो. तरी हात हलला नाही तर गाडी आपणहून इमर्जन्सी ब्रेक लावते. वाटतं ना, आता झोपायची काय बिशाद? पण पाच-सात वर्षांत हात शिकतो. दिवा लागला की हात जातो, माणूस जात नाही. मी असिस्टंट असताना कुर्डुवाडीच्या अलीकडे पहाटे साडेतीनला एका जुन्या ड्रायव्हरला बघितलंय. मान कलली होती, डोळे अर्धे मिटलेले, आणि बोट मात्र बरोबर मिनिटाला बटणावर. यंत्राच्या हिशोबात तो जागा होता. मी मुद्दाम जेवणाचा डबा पाडला तेव्हा दचकला, आणि वर मलाच रागावला.

माझी प्रार्थना तशी झालीय. घरातून निघताना बायको माझ्यासाठी प्रार्थना करते, मी आमेन म्हणतो, आणि डोळे मिटलेले असतानाच डब्याचं झाकण घट्ट बसलंय का ते हातानं चाचपत असतो.

एवढंच असतं तर इथे लिहिलं नसतं. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर पाळकसाहेब पहाटे पाचला बायबलमधलं वचन टाकतात. मी तेव्हा बऱ्याचदा लॉबीत साइन ऑनला, म्हणजे ड्यूटीची हजेरी लावायला, उभा असतो. जोडलेले हात टाकायचे, 'आमेन' लिहायचं, फोन बंद करून पेटीत ठेवायचा. ड्यूटीवर तो बंदच ठेवावा लागतो. जुलैतल्या एका पहाटे तिथे वचन नव्हतं. आमच्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्या पंचांना रात्री पुण्याला हलवलं होतं, त्यांना रक्त हवं होतं, आणि जो गट हवा होता तो माझा. याच माणसानं शब्बाथ शाळेत (मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गात) माझ्याकडून दहा आज्ञा पाठ करून घेतल्या होत्या, सातव्या, व्यभिचाराच्या आज्ञेचा अर्थ विचारला म्हणून चिमटाही काढला होता.

खाली मी लिहिलं, 'आमेन'.

दोन दिवसांनी परत आलो तेव्हा ते गेले होते. रक्त दुसऱ्यांनी दिलं होतं, माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. त्यांच्या मुलीनं मला एका शब्दानं काही म्हटलं नाही. ग्रुप वर सरकवून मीच बघितला.

तर प्रश्न असा. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे, ४० दिवस किंवा कन्व्हेन्शनचा आठवडा असला की मी जागा असतो, सगळेच असतात. मला मंगळवारचं सांगा. साधा मंगळवार, दळण आणायचंय, पोराची फी भरायचीय, तीन रात्री जागून आलोय. अशा दिवशी तुम्ही आत्म्यानं जागे कसे राहता? वचन कुठे आहे ते मला माहीत आहे. तुमचं काय चालतं ते सांगा.

---

पहाटेचा_पाईक (संगमनेर)

बंधू, उत्तर सोपं आहे, करायला अवघड. पहाटे चारला उठा. बायबलचे १,१८९ अध्याय आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात होतात. मी सलग सहा वर्षं करतोय. शिस्त नसेल तर सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतोच आहे, पेत्रानं सांगून ठेवलंय. फोन सकाळी हातात घेऊच नका.

---

लाइनबॉक्स

पाईकदादा, मनापासून आभार, पण हे करून झालंय. २०१९ ला पूर्ण केलं, रनिंग रूममध्ये (ड्रायव्हर लोकांच्या विश्रांतीच्या खोलीत), लाल पेन्सिलनं खुणा करत. बायबलच्या तिसऱ्या पुस्तकापासून, लेवीयपासून, पुढे मी वाचत नव्हतो, खुणा करत होतो. संख्या भरली. माझं पहाटे चार म्हणजे कधी रात्रीचे अकरा असतात, कधी दुपारचे दोन. आमच्या कामाला सकाळ नसते.

---

मोगरा (वसई)

आम्ही कॅथलिक, तेव्हा काही शब्द वेगळे वाटतील, चालवून घ्या.

माझी सासू आंजेलुसची, म्हणजे मरियामातेच्या प्रार्थनेची, घंटा झाली की हातातलं काम जागच्या जागी थांबवायची. सकाळी, दुपारी बाराला, संध्याकाळी. मासळीला मीठ चोळत असली तरी खारट हातानं उभी राहायची. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला ते नाटकी वाटायचं, खोटं कशाला बोलू? नंतर समजलं की तीसुद्धा काही प्रत्येक वेळी देवाजवळ नसायची. एकदा 'नमो मरिया'च्या मध्येच मला म्हणाली, "गॅस बंद कर." पण थांबायची. दिवसातून तीनदा कामाला कळायचं की मालक तू नाहीस.

माझं स्वतःचं मात्र घंटेनं भागलं नाही. आमची मोगऱ्याची वाडी आहे. उजाडायच्या आधी कळ्या तोडायला लागतात, उमलल्या की भाव गेला. त्या तासात डोकं रिकामं असतं आणि रिकाम्या डोक्यात मी जावेशी भांडत असते. मनात, हां. ती शंभर मैलांवर नालासोपाऱ्यात झोपलेली. (शंभर नाही, चार. पण बोलणं तेवढं लांब गेलंय.) मी रोज सकाळी तिच्याशी भांडते, जिंकते, टोपली भरते आणि चर्चमध्ये मिस्सेला जाते.

मग एका रिट्रीटला फादरांनी संत इग्नाशियस लोयोलाची आत्मपरीक्षणाची रीत शिकवली. दुपारी एकदा आणि रात्री एकदा दिवस उलटा चाळायचा. मला वाटलं, पापांची यादी असणार. पण ती सुरू होते आभारानं. आधी काय मिळालं ते बघा, मग कुठे चुकलं. पाच पायऱ्या आहेत, त्यातल्या तीनच माझ्याच्यानं होतात, तिसरीला डोळा लागतो. पण आठवडाभर आभारापासून सुरुवात केल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. त्या जावेनंच माझ्या बाळंतपणात चाळीस दिवस मला न्हाऊ घातलं होतं. हे मी साफ विसरले होते. खरंच विसरले होते हो, लपवलं नव्हतं.

भांडण अजून मिटलेलं नाही. सकाळी कळ्या तोडताना ते सुरू झालं की आता मला ऐकू येतं, एवढंच.

---

नगरकर_धाकटा

मी जरा उलटं बोलतो, रागावू नका.

आमच्या घरात 'जागृत राहा' हे वाक्य इतकं ऐकलंय की मला त्याची भीती बसली. शेजारच्या काकूंनी गणपतीचे मोदक दिले, जागृत राहा. शाळेत दहीहंडी, जागृत राहा. मित्राच्या आईनं हळदीकुंकवाचं वाण दिलं म्हणून माझ्या आईला आमच्याच एका नातेवाइकानं तासभर ऐकवलं होतं, आणि ती वाटी पुढे तीन वर्षं माळ्यावर पडून होती, वापरायचीही नाही, टाकायचीही नाही. पौलानं करिंथकरांना मूर्तीपुढच्या अन्नाबद्दल लिहिलं तेव्हा पहिली काळजी घेतली ती दुबळ्या भावाची. आमच्याकडे काळजी फक्त मोदकाची.

सगळा पहारा बाहेरच्या दारावर, आणि आत त्याच घरात दोन सख्खे भाऊ जमिनीवरून कोर्टात. त्या बाबतीत जागृत राहायला कुणी सांगितलं नाही. लाइनबॉक्सदादा, तुमचा तो 'आमेन' निदान तुम्हाला टोचला तरी.

---

पहाटेचा_पाईक (संगमनेर)

धाकटे, सगळे तसे नसतात. पण वाटीचं वाचून हसलो आणि मग नाही हसलो.

---

रात्रपाळी (मिरज)

मी नर्स आहे, अतिदक्षता विभागात, १४ वर्षं. मिरजेला डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ ला मिशन दवाखाना सुरू केला तेव्हापासून आमच्या घरात प्रत्येक पिढीत एक तरी सिस्टर झाली, तेव्हा हे पहारा-प्रकरण रक्तातच आहे म्हणा.

दादा, तुमच्या बटणाला आमच्याकडे नाव आहे. अलार्म फटीग. एका पेशंटला चार यंत्रं आणि प्रत्येकाचा वेगळा आवाज. बोटावरची क्लिप सरकली तरी बोंब, पेशंट खोकला तरी बोंब. आठवडाभरात कान बंद होतात. नवीन मुली तर चालता चालता हात लांब करून अलार्म गप्प करतात आणि पुढे जातात. आळशी नसतात त्या, खूप वाजलेलं असतं. यावर उपाय आणखी मोठा भोंगा बसवणं हा नाही. प्रत्येक पेशंटप्रमाणे मर्यादा लावून घ्यायच्या, म्हणजे वाजेल तेव्हा खरंच काहीतरी असेल. आणि आमच्या जुन्या मेट्रन सांगायच्या, मॉनिटर बघू नका, पेशंट बघा. हात लावा. पाय गार आहेत का ते यंत्र सांगत नाही.

म्हणून विचारते, तुमच्या फोनवर वचनाचे ग्रुप किती? माझ्या फोनवर नऊ होते. सकाळी उठायच्या आत चाळीस वचनं. आठ सोडले. लोक नाराज झाले. नवव्यातलं वाचते.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. थकव्याला पाप म्हणू नका. येशूला धरलं त्या रात्री गेथशेमाने बागेत शिष्य झोपले हे मत्तय, मार्क, लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आहे, पण ते दुःखानं झोपले हे फक्त लूक सांगतो. लूक वैद्य होता. मी हे पहिल्यांदा ध्यान देऊन वाचलं तेव्हा रडले होते, कारण बाबा गेल्यावर मी दोन महिने नुसती झोपत होते आणि प्रार्थनेत गार पडले म्हणून स्वतःला कोसत होते. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा दूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, झोपू दिलं, परत उठवून परत खायला दिलं. तीन रात्री जागून आलेल्या माणसानं मंगळवारी आधी झोपावं. दहा कुमारींच्या दाखल्यातही डुलकी दहाही जणींना लागली होती, शहाण्यांनासुद्धा. फरक दिव्याच्या तेलात होता.

तुमच्या हातून झालं ते झोपेनं झालेलं नाही, वाजून वाजून झालंय.

---

निवृत्त_मास्तर (अहिल्यानगर)

उशिरा आलो. सिस्टरबाईंनी बरंच सांगितलं, मी दोनच गोष्टी जोडतो.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इवाग्रियस नावाचा संन्यासी होता. दुपारच्या वेळी साधूच्या मनावर जो जडपणा येतो त्याचं त्यानं असं वर्णन केलंय की वाचणारा ओशाळतो. दिवस पन्नास तासांचा वाटतो, माणूस सारखा खिडकीकडे बघतो, जेवणाची वेळ व्हायला सूर्य किती उरलाय ते मोजतो, इकडेतिकडे पाहतो की कोणी भाऊबंद गप्पांना येतोय का. त्याच्याकडे फोन नव्हता, एवढाच फरक. म्हणजे तुमचा मंगळवार सोळाशे वर्षं जुना आहे. त्याचा उपाय साधा होता: खोली सोडू नका.

दुसरी गोष्ट तुमच्याच मार्गावरची. केडगाव. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ ला जी आत्मिक जागृती झाली ती सगळ्यांना पाठ असते, प्रवचनात तीच येते. पण ती लाट ओसरल्यावर बाईंनी काय केलं हे कोणी विचारत नाही. तुम्ही मंगळवार म्हणालात म्हणून सांगतो. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणायचं काम चालवलं, वर्षानुवर्षं. छपाईचे खिळे मुक्तीतल्याच बायका-मुली जुळवत, छापखाना त्याच चालवत. शिवाय दळण, विणकाम, गाईगुरं, आंधळ्यांची देखभाल हे रोजचं. १९२२ च्या एप्रिलमध्ये बाई गेल्या, छापील संपूर्ण ग्रंथ १९२४ ला बाहेर पडला. सगळी मंगळवारचीच कामं.

युतुखाचं राहिलं! पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत होता आणि हा पोरगा खिडकीत झोपून तिसऱ्या मजल्यावरून पडला. मी तीस वर्षं शब्बाथ शाळा घेतली, मुलांना हीच गोष्ट सगळ्यात आवडायची. कोणी त्याला रागावलेलं लिहिलेलं नाही. पौल खाली उतरला, त्याला कवटाळलं, वर येऊन भाकर मोडली आणि परत उजाडेपर्यंत बोलला. आमच्या पाळकसाहेबांना हे सांगितलंय, उपयोग नाही.

---

लाइनबॉक्स

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा. सगळं वाचलं, काही दोनदा. कुर्डुवाडीच्या रनिंग रूममध्ये सिस्टरांचं माझ्या असिस्टंटलाही वाचून दाखवलं. तो ख्रिस्ती नाही, माळकरी घरातला आहे, पण अलार्मचं ऐकून म्हणाला, "हे आपलंच."

त्यानंच मला एक गोष्ट लक्षात आणून दिली, त्याला स्वतःला माहीत नसताना. इंजिनात व्हीसीडी आहे तसा आणखी एक नियम आहे. सिग्नल दिसला की असिस्टंटनं हात दाखवून मोठ्यानं म्हणायचं, "डिस्टंट, डबल पिवळा." मी स्वतः बघायचं आणि तेच शब्द परत म्हणायचे, "डिस्टंट, डबल पिवळा." नुसतं 'हो' किंवा 'ठीक' चालत नाही. रंग बोलावाच लागतो, आणि तो न बघता बोलता येत नाही. म्हणजे येतो, पण दुसरा पकडतो. बटणाला तुमचं बोट पुरतं, या नियमाला समोर माणूस लागतो.

माझं आमेन हे 'ठीक' होतं.

तर घरी एक सुरू केलं. बायकोची प्रार्थना संपली की तिनं काय मागितलं ते मी आधी सांगायचं, मग आमेन. पहिल्याच दिवशी अडकलो. तिनं चार गोष्टी मागितल्या होत्या, मला दोन आठवल्या, त्यातली एक मागच्या आठवड्यातली. ती इतकी हसली की शेजारीण डोकावली. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी ऐकता ऐकता कळलं की ती रोज माझ्या डोळ्यांसाठी मागते. ड्रायव्हरची नजर गेली की गाडी गेली, हे मी तिला लग्नाच्या वर्षी कधीतरी बोललो होतो. १५ वर्षं ती हे मागतेय. मी झाकण चाचपतोय.

ग्रुपवर आता वचन वाचून त्यातलं एक वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहिता आलं तरच काहीतरी टाकतो. बहुतेक दिवशी जमत नाही, म्हणून गप्प असतो. त्यावर पाळकसाहेबांचा फोन आला, "काही नाराजी आहे का?" खरं सांगितलं. ते थोडा वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "मीसुद्धा रात्रीच टाइप करून ठेवतो."

मोगराताई, दिवस उलटा चाळायचं लाइनवर फार सोपं पडतं. आम्ही गेलो त्याच मार्गानं परत येतो. पाटस गेलं की सकाळचं पाटस आठवतं. आभारापासून सुरू करायला जमत नाही अजून, तक्रारीच आधी येतात. मास्तर, परवा केडगावला लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेतलं होतं, एक्सप्रेसला वाट देण्यासाठी. चाळीस मिनिटं. एरवी मी तिथे शिव्या देतो. या वेळीही दिल्या, दहा मिनिटं. मग खिळे जुळवणाऱ्या त्या बायकांची आठवण झाली. मुक्ती मिशन आहे त्या बाजूला थोडा वेळ बघत राहिलो. असिस्टंटनं विचारलं, काय बघताय? म्हटलं, छापखाना. त्याला काही दिसलं नाही.

पंचांच्या घरी गेलो होतो. दोन आठवडे लांबवलं, हेही लिहून ठेवतो. मुलीला सांगितलं, तो मेसेज मी न वाचताच आमेन लिहिलं होतं. ती म्हणाली, माहीत होतं, खाली अठरा आमेन होते. मग चहा ठेवला. त्यांचं बायबल टेबलावर होतं. आत कधीच्या तरी हजेरीचा कागद होता, त्यावर माझं नाव आणि पुढे चार गैरहजेरी.

---

रात्रपाळी (मिरज)

दादा, ते सगळं बरं. रक्तपेढीत नाव नोंदवलंत का?

---

लाइनबॉक्स

नोंदवलं, पुण्यात. मागच्या सोमवारी एक पिशवी दिलीसुद्धा. आता ९० दिवसांनी. असिस्टंटनंही दिली, त्याचा गट वेगळा आहे.

बुधवारी परत मुलीकडे जायचंय, त्यांच्या ओसरीवरच्या ट्यूबचा चोक गेलाय.